नक्कल आणि ठसा

जुना लेख वाचणें हें एक काम, आणि तो जसाच्या तसा उतरवून घेणें हें दुसरें. अकोला जिल्ह्यांत बार्शीटाकळी येथील प्राचीन देवीमंदिरांत शके १०९८ चा, म्हणजे सन ११७६-७७ चा, शिलालेख आहे. असल्या लेखाची हातानें नक्कल करणारा कितीही विद्वान असो, जें त्यास समजतें तेंच तो लिहितो. झिजलेलें अक्षर नकळत पुरें करितो. म्हणून संशोधक ठसा घेतात. ओला कागद दगडावर बसवून ब्रशानें ठोकतात व वरून शाई लावितात. कागदास अक्षरओळख नसते; म्हणूनच त्याचा भरंवसा धरितां येतो.

हाच प्रश्न पुढें यंत्रांसमोर उभा राहिला. सन १९८३ मध्यें अमेरिकेंत टँडी कंपनीचा ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ हा संगणक विक्रीस आला. वजन चार पौंडांच्या आंत, पडदा आठ ओळींचा, आणि चार लहान सेलांवर चालणारा; बातमीदारांस तो फार आवडे. त्यास तारेवाटे साधा मजकूर घेतां येई. परंतु बायनरी फाईल, म्हणजे ० ते २५५ पर्यंतच्या आंकड्यांत लिहिलेल्या यंत्राच्या आज्ञा, त्यास तशीच घेतां येत नसे. मध्येंच २६ हा आंकडा आला कीं मजकूर संपला, असें तें यंत्र समजे! तें नक्कल करीत होतें, ठसा घेत नव्हतें.

यावर लोकांनीं दोन उपाय योजिले. पहिला वेषांतराचा: प्रत्येक आंकडा षोडशमान पद्धतीनें दोन अक्षरांत लिहावयाचा. २६ चें ‘१ए’ झालें कीं तें निर्वेध जाई. फाईल दुप्पट होई, आणि पलीकडे बेसिक भाषेंतील लहानसा प्रोग्राम मूळ आंकडे परत मांडी. दुसरा उपाय शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनीं सन १९७७ मध्यें रचलेल्या ‘एक्समोडेम’ पद्धतीचा. हींत १२८ बाइटांचा एकेक गठ्ठा, त्यामागें बेरीज. बेरीज जुळली नाहीं तर गठ्ठा पुन्हां पाठवावयाचा. मात्र त्यासाठीं यंत्रांत निराळा प्रोग्राम घालावा लागे. जुनीं यंत्रें जपणारे हौशी लोक आजही हेंच करितात.

वऱ्हाडांतील वाचकांस याचें काय, असें कोणी विचारील. सन १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकांत इंग्रजी अक्षरांस १२८ च्या खालचे व देवनागरीस वरचे आंकडे दिलेले आहेत. जुने कित्येक संदेशमार्ग बाइटाच्या आठ घरांपैकीं सातच घरें पुढें नेत. आपला ‘क’ म्हणजे १७९. त्यांतून १२८ गळले कीं उरले ५१, आणि ५१ म्हणजे इंग्रजी ३ चा आंकडा! इंग्रजी पत्र सुखरूप पोंचे; मराठी पत्राची मात्र पलीकडे भलतीच अक्षरें होत. त्या वाटेवर आमची भाषा हीच एक बायनरी फाईल होती.

आम्हांस वाटतें, उतरवून घेणाऱ्यानें अर्थाचा निवाडा करूं नये. आज निरर्थक दिसणारी दगडावरील रेघ उद्यांचा अभ्यासक कदाचित् वाचील. मात्र ती त्याच्यापर्यंत पोंचली पाहिजे.