लेखक दमतो की आपण?

दिवाळीत एका आवडत्या लेखकाची नवी थ्रिलर घेतली. या माणसाचं पुस्तक हातात आलं की रात्र जागवायची आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या काढायच्या, हा आजवरचा शिरस्ता. यावेळी दीडशेव्या पानावर पुस्तक छातीवर ठेवून झोपी गेलो. खलनायक कोण हे साठाव्या पानावर कळलं होतं. उरलेला वेळ नायक नुसता विमानतळ बदलत होता. नाव सांगत नाही, तुमच्याकडेही असा एक लेखक असेलच.

"संपला हा माणूस," असं म्हणालो आणि आठवलं, हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्या काकांकडून ऐकलं होतं. बाबूराव अर्नाळकरांबद्दल!

आमच्या इंदापूर तालुक्यात वाचनाची खरी जागा म्हणजे एसटी. इंदापूरहून बारामतीला जायला लाल डब्याला दीड तास, आणि जुनी रहस्यकथा बरोब्बर तेवढ्यात संपायची. निमगाव केतकीला खून, अंथुर्णे-लासुर्ण्याच्या दरम्यान दोन-तीन संशयित, आणि भवानीनगरच्या साखर कारखान्याची चिमणी दिसली की आरोपी कबुली द्यायला लागलाच म्हणून समजा. काका म्हणायचे, "शेवटी शेवटी बाबूरावांत मजा राहिली नव्हती रे." पण वाचायचं काही त्यांनी सोडलं नाही.

आता जरा हिशोब करू. अर्नाळकरांनी (खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) साधारण पन्नास वर्षांत हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. पन्नास वर्षं म्हणजे ६०० महिने. महिन्याला दीड ते दोन पुस्तकं, सलग अर्धं शतक! धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड ही मंडळी घराघरात पोचली ती या वेगामुळे. त्यांच्यानंतर आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. आमच्याकडे महिन्याला दोन रिलीज मारणाऱ्या टीमच्या कोडची काय अवस्था होते ते आपण जाणतोच. इथे तर टीम एका माणसाची.

म्हणजे तोच तोपणा हेच कारण? मलाही तसंच वाटायचं. पण बारामतीनेच या उत्तराला सुरुंग लावून ठेवलाय, तोही अडीचशे वर्षांपूर्वी.

मोरोपंत. शाळेत आर्या पाठ करताना ज्यांच्या नावाने आपण बोटं मोडली, तेच. जन्म पन्हाळ्याचा, १७२९ सालचा. पण कऱ्हाकाठच्या बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले ते १७९४ साली जाईपर्यंत तिथलेच झाले. या माणसाने १०८ रामायणं लिहिली. गोष्ट तीच, नायक तोच, खलनायक तोच, आणि रावण मरणार हे वाचकाला पहिल्या ओळीआधीच माहीत! थ्रिलरवाल्याने विचारही करू नये असा मामला.

मग पंत करायचे काय? दर वेळी स्वतःला नवी अट घालायचे. त्यांचं एक 'निरोष्ठ रामायण' आहे. त्यात ओठाला ओठ लावून उच्चारायची अक्षरंच नाहीत. प, फ, ब, भ, म सगळं बाद. आता 'राम' म्हणून बघा. म आला की ओठ मिटले! म्हणजे ज्यात राम हे नावच घेता येत नाही, असं रामायण. याला कसरत म्हणून नाकं मुरडणारे टीकाकार आहेत, आणि त्यात तथ्यही आहे. पण हा कवी कंटाळलाय असं कोणी म्हणू शकणार नाही. आणि एवढं सगळं करून उतारवयात त्यांनी नेहमीची आर्या बाजूला ठेवली आणि पृथ्वी वृत्तात 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराची हाक, आणि मोर म्हणजे अर्थात स्वतः पंत. त्यांचं सगळ्यात जिवंत काव्य कुठलं म्हटलं तर बहुतेक जण तिच्याकडेच बोट दाखवतात.

तेव्हा वयावर खापर फोडणंही तितकंसं सोपं नाही. वय कधीकधी खरंच आड येतं. अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्या टोरोंटोच्या संशोधकांनी कॉम्प्युटरवर तपासल्या, ते निष्कर्ष २००९ साली आले. तिने ऐंशी ओलांडल्यावर आलेल्या 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' (१९७२) मध्ये शब्दसंग्रह चांगलाच आटलेला दिसला आणि मोघम शब्द वाढलेले. तिला स्मृतिभ्रंश झाला असावा, अशी शंका त्यांनी मांडली. हे वाचलं तेव्हा त्या पुस्तकाला दिलेल्या शिव्या मी मुकाट्याने मागे घेतल्या. गंमत म्हणजे १९७५ साली आलेलं 'कर्टन' हे पॉयरोचं शेवटचं पुस्तक झकास आहे. कारण ते तिने महायुद्धाच्या काळातच लिहून कुलपात ठेवलं होतं!

पण माझा दिवाळीचा लेखक ना ऐंशीचा, ना महिन्याला दोन पुस्तकं पाडणारा. त्याचं दुखणं वेगळं आहे. त्याने स्वतःला काही अवघड घालूनच घेतलं नाही. घ्यावं तरी कशाला? कव्हरवर पुस्तकाच्या नावापेक्षा त्याचं नाव मोठं, आणि पुस्तक यायच्या आधीच माझ्यासारख्यांनी ऑर्डर दिलेली.

आता कबुली देण्याची पाळी माझी. सुहास शिरवळकर वाचायला लागलो तेव्हा मला फक्त दारा बुलंद, फिरोज इराणी आणि अमर विश्वास हवे होते. चांगली चाललेली ही गाडी असताना शिरवळकरांनी १९८२ साली 'दुनियादारी' आणली, एस. पी. कॉलेजच्या कट्ट्यावरची. तिच्यात ना खून, ना कोर्ट. लायब्ररीत ती समोर असायची आणि मी दर वेळी ती बाजूला सारून दारा उचलायचो. वाचली तेव्हा शिरवळकर जाऊन (२००३) बरीच वर्षं झाली होती, आणि २०१३ चा सिनेमाही येऊन गेला होता. एका लेखकाने माझ्यासाठी अवघड वाट धरली होती, आणि मी वाचक म्हणून तिथे हजरच नव्हतो.

मग लेखकांनी सोपं लिहिलं तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

असो. ती थ्रिलर दीडशेव्या पानावर खूण घालून ठेवून दिलीय. पुढच्या खेपेला आवडत्या लेखकाने काही भलतंच लिहिलं, तर निदान पहिली पन्नास पानं त्याला द्यायची, एवढं ठरवलंय. भवानीनगरची चिमणी दिसेपर्यंत तरी.