रिसाल्याचे दप्तर आणि घरातली पेटी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी दर वर्षी एखादी पाककृती लिहून देते. यंदा इतिहासावर लिहीन म्हटले, तेव्हा मैत्रिणी हसल्या. त्यांचे हसणे गैर नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल आणि मूल यांत रमलेली बाई. परंतु एक गोष्ट मनाला पुष्कळ दिवस टोचते आहे, आणि ती इतिहासाचा हात धरल्यावाचून सांगता येत नाही.

आमचे चुलत सासरे फौजेत रणगाड्यावर होते. त्यांना सारे नाना म्हणत. मी लग्न होऊन कासूला आले तेव्हा ते थकले होते, तरी संध्याकाळी ओटीवर बसून गोष्टी सांगत. "आम्ही घोडदळातले," असे ते म्हणाले, तेव्हा मी हसून विचारले, "नाना, मग घोडा कुठे?" ते म्हणाले, "सूनबाई, घोडे गेले, पण नावे तीच राहिली. आमच्यात शिपायाला सवार म्हणतात, हवालदाराला दफेदार आणि सुभेदाराला रिसालदार. पलटण नव्हे, रिसाला म्हणायचे."

नानांची एक काळी पत्र्याची पेटी होती. तिच्यात पत्रे, फोटो आणि एक वही होती. एकदा पेटी उघडून ते मला म्हणाले, "ही वही तेवढी जपा. १९७१ च्या लढाईत आमच्याबरोबर होती त्या पोरांची नावे आणि गावे यात आहेत." मी होय म्हटले. पुढे नाना गेले. २६ जुलै २००५ च्या पावसात घरात पाणी शिरले, पेटी बुडाली. चिखल काढताना आत कागदांचा एक लगदा हाती आला. तो मी घाण म्हणून उकिरड्यावर टाकला. नानांना दिलेला शब्द मला त्या गडबडीत आठवलासुद्धा नाही.

कागद गेला म्हणजे काय जाते, हे आपल्या जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? रायगड ही शिवछत्रपतींची राजधानी. महाराजांच्या घोडदळाची व्यवस्था कशी होती हे आपल्याला कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीवरून कळते. ती बखर त्यांनी इ. स. १६९७ च्या सुमारास राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ती चढती रचना होती. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. इतकी शिस्त ज्या लष्करात होती, तिथे हजेऱ्या आणि हिशेबही असणारच. परंतु १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली. शिवकाळातले मूळ कागद आज फार थोडे उरले आहेत.

याचा परिणाम पाहा. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामास आले. त्यांच्या बरोबरचे सहा स्वार कोण होते? त्यांची म्हणून जी नावे सांगितली जातात, त्यांना त्या काळच्या कागदाचा आधार मिळत नाही. त्याही सहांच्या घरी कोणी आई, कोणी बायको वाट पाहात असेलच ना? त्यांना ती नावे पाठ होती. आपल्याला नाहीत.

आता दुसरी बाजू सांगते. 'पूना हॉर्स' हा रिसाला १८१७ सालचा. दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या पुणे तहानंतर इंग्रजांनी तो उभा केला. पुढे १९२१ साली मुंबई इलाख्यातला दुसरा एक जुना रिसाला त्यात मिळाला. त्या दुसऱ्या रिसाल्याने ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणात खुशाब येथे शत्रूचे निशाण जिंकले होते. त्या निशाणावरचा चांदीचा पंजा रिसाल्याने अभिमानाने जपला. राज्य इंग्रजांचे होते ते आपले झाले, घोडे जाऊन रणगाडे आले, तरी दप्तर तुटले नाही.

म्हणूनच याच रिसाल्याचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर कसे पडले, हे आपल्याला माहीत आहे. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत अवघ्या एकविसाव्या वर्षी गेले. पेटलेला रणगाडा सोडा असा हुकूम आला असता, माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी बिनतारी संचावरून कळवले. ऐकणाऱ्यांनी ते शब्द जपले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. खेत्रपालांचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा अहिल्यानगरच्या (म्हणजे जुन्या अहमदनगरच्या) लष्करी केंद्रात ठेवलेला आहे. त्याच शहरात १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालयही निघाले.

कागद जपायला मोठी विद्या लागते असेही नाही. पुण्यात पेशवे दप्तर आहे. त्यासाठी १८९१ साली दगडी इमारत बांधून झाली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापून काढले. माझी भाची पुण्यात मोडी शिकते. तिने सांगितले की तिथले मोडी कागद 'रुमालां'त बांधलेले आहेत, आणि असे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे काय, तर कापडाचा एक चौकोन! आपण भाकऱ्या बांधतो तसाच. दोनशे-अडीचशे वर्षांचे कागद कापडाच्या फडक्यात टिकले, आणि माझी वही एका पावसात गेली. ती जमिनीवरच्या पेटीत होती, माळ्यावर नव्हती, एवढाच फरक.

मध्यंतरी नानांच्या नातवाने शाळेसाठी विचारले, "आजोबांबरोबर कोण कोण होते?" काकी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, म्हणाल्या, "काळ्या पेटीत सगळं होतं रे, बाळा." मी काही बोलले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी काकींपाशी बसून मी पाटीपेन्सिलीच्या वयातल्यासारखी वही घेतली. काकींना दोन नावे आठवली, एकाचे गावही आठवले. ती लिहून घेतली. काकींच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर नानांचा फौजी नंबर मिळाला. रणगाडादळाचे अभिलेख कार्यालय अहिल्यानगरला आहे. तिकडे नंबर घालून पत्र टाकले आहे. नानांची नोकरी त्यातून कळेल. पण त्या वहीतले त्यांचे अक्षर आता कोणी देणार नाही.

तेव्हा भगिनींनो, माझी विनंती एवढीच. ज्यांच्या घरी फौजेतले, रेल्वेतले, शाळेतले कोणी होऊन गेले असेल, त्यांनी ह्या दिवाळीच्या आवराआवरीत पेटी उघडावी. कागद उन्हात नव्हे, सावलीत वाळवावेत. चिकटपट्टी लावू नये. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत. धुतलेल्या सुती फडक्यात बांधून उंचावर ठेवावेत. आणि घरात जे वडीलधारे माणूस आहे त्याला आजच विचारावे.

पाककृती पुढच्या वर्षी देईन.