सांगाडा तोच, प्रोसेसर नवा : टिफरॅक ते ‘परम’

१/ कोल्हापुरात राजारामपुरीतल्या संगणकाच्या दुकानात एक काम नेहमीचे असते. गिऱ्हाईक जुना संगणक घेऊन येतो. कॅबिनेट, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क आणि मॉनिटर तेच ठेवून मदरबोर्ड व प्रोसेसर तेवढे नवे बसवायचे असतात. आज साधी वाटणारी ही सोय मिळायला अनेक दशके लागली. त्या कथेतील एक मोलाचा अध्याय पुण्यात घडला.

२/ प्रारंभीचे संगणक एकसंध होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफरॅक’ १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. तोवर ट्रान्झिस्टरचे युग अवतरले होते. परंतु नलिका काढून तेथे ट्रान्झिस्टर बसवणे शक्य नव्हते. विद्युतदाब, शीतकरण, मांडणी सारे नलिकांसाठीच रचलेले होते.

३/ परिणाम? १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० दाखल झाला आणि टिफरॅकचे दिवस भरले. गणनेचा भाग जुना झाला की संपूर्ण यंत्रच जुने ठरत असे.

४/ त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ जाहीर केली. लहानमोठ्या अनेक यंत्रांचे हे एक कुटुंब होते. सर्वांची आज्ञाभाषा एक, जोडण्याही समान. गिऱ्हाइकाने मध्यवर्ती यंत्र बदलले, तरी टेप, प्रिंटर आणि आधी लिहिलेले प्रोग्रॅम वाया जात नसत.

५/ हीच कल्पना पुढे टेबलावर आली. आयबीएमचा पीसी १९८१ चा, ‘एटी’ १९८४ चा. त्यांच्या मापांची नक्कल इतरांनी केली. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे मानक मांडले. स्क्रूची भोके कोठे असावीत, वीज कोणत्या जोडणीतून यावी, मागील बाजूची झडप केवढी असावी, हे त्यात ठरले. राजारामपुरीतले ते काम आजही याच मापांच्या आधारे चालते.

६/ याच तत्त्वाची कसोटी महाराष्ट्रात फार मोठ्या यंत्रावर लागली. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवामान अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी हा महासंगणक दिला. त्याहून समर्थ यंत्र मात्र नाकारले. अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांसाठी त्याचा वापर होईल, अशी तिला धास्ती होती.

७/ मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. सूत्रे डॉ. विजय भटकर यांच्याकडे होती. उद्दिष्ट : तीन वर्षांत सेकंदाला शंभर कोटी गणिते करणारा संगणक.

८/ एवढा वेगवान प्रोसेसर भारतात बनत नव्हता. म्हणून मार्ग निवडला गेला समांतर गणनेचा. ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीची टी८०० ही ‘ट्रान्सप्युटर’ चिप खुल्या बाजारात मिळत होती. प्रत्येक चिपला चार दुवे. त्यांनी शेजारच्या चिपा जोडायच्या आणि एकच काम अनेकांत वाटायचे. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला.

९/ परंतु चिपांचे वय अल्प असते. इंटेलची १९८९ मधील आय८६० ही चिप आकडेमोडीत टी८०० च्या कितीतरी पुढे होती. मग जुने सारे मोडीत काढायचे का? ‘परम ८६००’ मध्ये तसे झाले नाही. चार ट्रान्सप्युटरांमागे एक आय८६० जोडली गेली. संदेशवहन जुन्यांकडे राहिले, जड गणित नव्याकडे गेले.

१०/ हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता, ते लवकरच दिसले. इन्मॉसने १९९१ मध्ये जाहीर केलेली टी९००० ही चिप फार उशिरा आली आणि ठरलेला वेग तिला गाठता आला नाही. तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्या जर्मनीतील पार्सिटेक कंपनीला ऐन वेळी पॉवरपीसी प्रोसेसरकडे वळावे लागले.

११/ १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये सी-डॅकने आराखडाच सुटा केला. आधी सुपरस्पार्क, पुढे त्याच रचनेत अल्ट्रास्पार्क व अल्फा या प्रोसेसरांच्याही आवृत्त्या निघाल्या. प्रोसेसर बदलणार, हे गृहीत धरूनच यंत्र आखले गेले.

१२/ या कथेला दुसरी बाजूही आहे. सर्व प्रोसेसर परकीय होते. तेव्हा हे स्वावलंबन अपुरेच. तथापि कोणती चिप आणावी, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य पुण्याच्या हाती राहिले. एका पुरवठादाराने घात केला, तर दुसऱ्याकडे जाता येत होते. जोडणीची विद्या आपली असल्याचे हे फळ.

१३/ दुकानातही नियम तोच. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसतो; पण नव्या बोर्डाला डीडीआर५ रॅम लागत असेल, तर जुन्या डीडीआर४ ची खाच जुळत नाही आणि रॅम नवी घ्यावी लागते. जुन्यातले काय टिकेल, हे त्याच्या वयावर नव्हे, जोडणीवर ठरते. टिफरॅककडे ती जोडणी नव्हती, ‘परम’कडे होती.