स्थैर्य कीं जबाबदारी?

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागांत पुंडलिकनगर नांवाची वस्ती आहे. संध्याकाळीं कामावरून परतलेलीं माणसें घटकाभर एकत्र बसलीं म्हणजे इतर कोणत्याही वस्तीप्रमाणें तेथेंही बोलणें नळाच्या पाण्यावरून आणि रस्त्यावरून हळूहळू राज्यकारभारावर येतें. एकजण म्हणतो, "दहा तोंडांच्या मंत्रिमंडळापेक्षां एक खंबीर माणूस बरा. त्याला पांच वर्षें कोणी हात लावूं नये. मग बघा कामें कशीं होतात." दुसरा विचारतो, "आणि तो चुकला तर त्याला जाब कोणीं विचारायचा?" पहिल्याचा पक्ष एक, दुसऱ्याचा दुसरा, म्हणून पुष्कळदां हा वाद व्यक्तींच्या नांवांवर घसरतो आणि तेथेंच विरतो. वास्तविक या दोन वाक्यांत राज्यशास्त्रांतला एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. कारभार स्थिर असावा कीं जबाबदार असावा, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच साधत नसतील तर पारडें कोणीकडे झुकावें? मराठवाड्याला हा प्रश्न ग्रंथांतून शिकावा लागला नाहीं. तो त्यानें भोगून ओळखला आहे.

सातवे निझाम मीर उस्मान अली खान १९११ सालीं गादीवर आले व १९४८ पर्यंत त्यांची सत्ता चालली. नुसत्या स्थैर्याच्या दृष्टीनें पाहिलें तर या सदतीस वर्षांना नांव ठेवतां येणार नाहीं. मंत्रिमंडळ कोसळण्याची भीति नव्हती, निवडणुकीची दगदग नव्हती, पक्षांतराचें तर नांवही नव्हतें. १९१९ सालीं कार्यकारी मंडळ स्थापन झालें आणि त्याला सदर-ए-आझम या पदवीचा अध्यक्षही मिळाला. परंतु हा अध्यक्ष व त्याचे सहकारी निझामास उत्तर देत. रयतेस उत्तर देण्याचें त्यांच्यावर बंधन नव्हतें. या कारभारानें कांहीं कामें मोठीं केलीं हें नाकारण्याचें कारण नाहीं. उस्मानिया विद्यापीठ निघालें, निझामसागरासारखें धरण बांधलें गेलें. पण मराठी बोलणाऱ्या रयतेच्या मुलांना त्या विद्यापीठांत उर्दूतून शिकावें लागे, आणि असें कां, हें विचारण्याची जागा राज्यांत कोठेंच नव्हती. 'गश्ती निशान त्रेपन्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हुकुमाप्रमाणें सरकारच्या परवानगीवांचून सभासुद्धां भरवितां येत नसे. जेथें चार माणसांनीं एकत्र जमून बोलायलाच परवाना लागतो, तेथें हिशेब विचारण्याची गोष्ट दूरच राहिली.

१९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें आणि त्याच वर्षीं राज्यसुधारणांचा विचार करण्यासाठीं अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें एक समिति नेमली. या समितीच्या अहवालांतील एक विचार मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. राज्याचा प्रमुख हा आपल्या प्रजेचा प्रत्यक्ष प्रतिनिधि असतो, आणि आज निवडून येऊन उद्यां जाणाऱ्या सभासदांपेक्षां त्याचें प्रजेशीं असलेलें नातें अधिक स्वाभाविक व टिकाऊ असतें, असें त्या अहवालाचें म्हणणें होतें. या तत्त्वास अनुसरून १९३९ मध्यें ज्या सुधारणा जाहीर झाल्या, त्यांत कायदेमंडळ होतें, निवडून आलेले सभासदही होते. फक्त कार्यकारी मंडळास पायउतार करण्याचा अधिकार त्यांस नव्हता.

मराठवाड्यांतील कार्यकर्त्यांची मागणी नेमकी याच ठिकाणीं वेगळी होती. त्यांच्या ठरावांत आणि भाषणांत पुन्हांपुन्हां येणारा शब्द 'जबाबदार राज्यपद्धति' हा होता. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली. त्या वर्षींच्या ऑक्टोबरमध्यें सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थांसह अनेकजण तुरुंगांत गेले. प्रारंभीं या मंडळींनीं निझामाची गादीही नको असें म्हटलें नव्हतें. राजा असो, पण त्याच्या नांवानें कारभार करणाऱ्यांनीं लोकांच्या प्रतिनिधींना उत्तर द्यावें, एवढेंच त्यांचें मागणें होतें. राज्यकर्ता कोण, यापेक्षां तो कोणापुढें उभा राहतो, हा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटला. त्या पिढीची ही समज आज विसरली जाते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निझामाची सत्ता संपली. त्यानंतर दीड महिन्यानें, ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं, दिल्लीस घटना समितीपुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घटनेचा मसुदा मांडला आणि हाच प्रश्न साऱ्या देशापुढें ठेवला. लोकशाहींतल्या कार्यकारी सत्तेंत स्थैर्य हवें आणि जबाबदारीही हवी. परंतु दोन्ही सारख्याच प्रमाणांत देणारी पद्धति अजून कोणास सांपडलेली नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. अमेरिकेच्या पद्धतींत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतींत जबाबदारी जास्त, स्थैर्य कमी. अमेरिकेंत कारभाराची परीक्षा मुख्यतः मुदतीअंतीं निवडणुकींत होते. पार्लमेंटरी पद्धतींत ती दोन वेळां होते. मुदतीअंतीं मतदार परीक्षा घेतात, आणि मधल्या काळांत सभागृहांतील सभासद प्रश्न विचारून, ठराव आणून, चर्चा करून व प्रसंगीं अविश्वास दाखवून ती रोजच्या रोज घेतात. मसुद्यानें जबाबदारीला अधिक मान दिला होता. म्हणून भारताचा राष्ट्रपति हा राज्याचा प्रमुख ठरला, कारभाराचा नव्हे. त्याचें स्थान इंग्लंडच्या राजासारखें, अमेरिकेच्या अध्यक्षासारखें नाहीं.

हा निर्णय बिनविरोध झाला असें मात्र नाहीं. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शाह यांनीं डिसेंबर १९४८ मध्यें उपसूचना मांडून कार्यकारी, कायदेविषयक आणि न्यायविषयक या तिन्ही सत्ता एकमेकींपासून पूर्णपणें अलग ठेवाव्या, असा आग्रह धरला. सभासदालाच मंत्रिपदाची आशा असेल, तर तो मंत्र्याची निर्भीडपणें झडती कशी घेणार, ही त्यामागील शंका खोटी नव्हती. मध्यप्रांत-वऱ्हाडांतून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांचाही कल सभागृहावर अवलंबून नसलेल्या कार्यकारी सत्तेकडेच होता. पक्षगटांच्या मर्जीवर जगणारे मंत्री खंबीर राहूं शकत नाहींत, असें त्यांचें म्हणणें होतें. एक समाजवादी विचाराचा प्राध्यापक, दुसरा मुस्लिम लीगच्या बाजूनें आलेला वकील. या प्रश्नावर मात्र दोघे शेजारीं उभे राहिले. उलट बाजूस काँग्रेसचे कन्हैयालाल मुन्शी होते, आणि काँग्रेसशीं ज्यांचा जन्मभर वाद झाला ते डॉ. आंबेडकरही होते. मुन्शी त्याच वर्षीं भारत सरकारचे प्रतिनिधि म्हणून हैदराबादेंत राहून आले होते. जबाबदार नसलेला कारभार कसा असतो हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. पक्षभेद बाजूला ठेवून केवळ तत्त्वावर वाद कसा करावा, याचा तो एक धडाच होय.

मराठवाड्याच्या वांट्यास यापुढेंही कांहीं काळ वाट पाहणेंच आलें. निझामाच्या मागून मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांचा लष्करी कारभार आला; २६ जानेवारी १९५० पासून एम. के. वेल्लोदी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री म्हणून नेमले गेले. बूर्गुल रामकृष्ण राव यांचें निवडून आलेलें मंत्रिमंडळ मार्च १९५२ मध्यें अधिकारावर आलें. जो शब्द घेऊन १९३८ सालीं माणसें तुरुंगांत गेलीं, तो प्रत्यक्षांत उतरण्यास चौदा वर्षें लागलीं.

घटनेनें घेतलेल्या या निर्णयाची किंमत देशानें भरली आहे. १७ एप्रिल १९९९ रोजीं लोकसभेंत अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळास २६९ मतें अनुकूल आणि २७० प्रतिकूल पडलीं. एका मतानें सरकार गेलें, आणि १९९६ पासूनच्या चार वर्षांत तिसरी सार्वत्रिक निवडणूक देशावर आली. याच्या शेजारीं अमेरिकेंतला एक प्रसंग ठेवून पाहावा. १८६८ सालीं अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. सेनेटांत ३५ सभासद त्यांस दोषी ठरविण्याच्या बाजूनें होते आणि १९ विरुद्ध. दोन-तृतीयांशास एक मत कमी पडलें आणि जॉन्सन पदावर राहिले. एका देशांत एका मतानें सरकार पडलें. दुसऱ्यांत बहुसंख्य सभासद विरुद्ध असूनही अध्यक्ष टिकला. पुढें अमेरिकेंत आणखी महाभियोग झाले, परंतु सेनेटनें दोषी ठरवून एकाही अध्यक्षास आजवर दूर केलेलें नाहीं. १९७४ सालीं रिचर्ड निक्सन गेले ते राजीनामा देऊन. दोन्ही पद्धतींचे गुणदोष या उदाहरणांत पुरते उघडे पडतात.

तथापि पार्लमेंटरी पद्धति स्वीकारली म्हणजे जबाबदारी आपोआप आली, असें समजणेंही भ्रामक आहे. २५ जून १९७५ च्या रात्रीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपति फक्रुद्दीन अली अहमद यांनीं आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळापुढें ती गोष्ट दुसऱ्या दिवशीं सकाळीं आली. जुलैच्या अधिवेशनांत लोकसभेचा प्रश्नोत्तरांचा तास स्थगित झाला. म्हणजे ज्या रोजच्या परीक्षेसाठीं घटनाकारांनीं स्थैर्याचा मोह सोडला होता, तीच बंद पडली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आलें, निवडणूक पुढें ढकलली गेली. येरवड्याच्या तुरुंगांत समाजवादी आणि संघाचे कार्यकर्ते एकत्र राहिले. डिसेंबर १९७५ मध्यें कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न निर्भयपणें मांडला. पुढील वर्षीं त्यांनाही तुरुंगवास घडला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें असें ठरविलें कीं मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावांचून राष्ट्रपतीनें आणीबाणी जाहीर करूं नये. चूक झाल्यावर कां होईना, पण ती ओळखून दुरुस्त करण्याची शक्ति या पद्धतींत शिल्लक होती, हें तिचें बळ.

१९८० नंतरच्या दशकांत विदर्भांतील काँग्रेसचे नेते वसंत साठे यांनीं अध्यक्षीय पद्धतीचा पुन्हां हिरीरीनें पुरस्कार केला. पक्षांतरें आणि सौदेबाजी यांनीं आलेला वीट हें त्या विचारामागील एक मोठें कारण होतें. १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाला. पण त्याचीही दुसरी बाजू आहे. पक्षाचा आदेश मोडून मत दिल्यास सभासदत्व जाऊं लागल्यानें स्वतःच्या सरकारास अडचणीचा प्रश्न करण्याचें सभासदाचें धैर्य ओसरलें. मंत्रिमंडळाला स्थैर्य मिळालें, पण सभागृहाचा वचक तेवढा उणा झाला. आंबेडकरांनीं सांगितलेला हिशेब येथेंही चुकला नाहीं: एका पारड्यांत घातलें तें दुसऱ्यांतून काढलेलें होतें.

एप्रिल २०२० मध्यें छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादच्या, महानगरपालिकेची मुदत संपली आणि पुढें पांच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. खंबीर, एकहाती आणि पक्षकलहापासून अलिप्त कारभार ज्यांना हवा होता, त्यांना तो या रूपानें पाहावयास मिळाला. कांहीं कामें झपाट्यानें झालींही असतील. पण त्या काळांत नळाच्या पाण्याबद्दल पुंडलिकनगरच्या गृहिणीनें कोणाचें दार ठोठवायचें होतें? नगरसेवक भला असो वा बुरा, त्याला मतांसाठीं पुन्हां त्याच गल्लींत यावें लागतें. अधिकाऱ्याची बदली होते, आणि त्याच्याबरोबर प्रश्नही दप्तरांत बंद होतो.

म्हणून त्या संध्याकाळच्या बैठकींतला दुसऱ्या माणसाचा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या अनुयायानें हंसण्यावारी नेऊं नये. खंबीर नेता हवा असें वाटणें यांत पाप नाहीं. परंतु एकच माणूस साऱ्या लोकांचा खरा प्रतिनिधि आहे, म्हणून त्याला मध्येंच कोणी अडवूं नये, हें बोलणें मराठवाड्यानें एका अहवालांत पूर्वीं वाचलेलें आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींतील आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणांत आंबेडकरांनीं बजावलें होतें कीं धर्मांत भक्ति आत्म्यास तारील, पण राजकारणांतली भक्ति अधःपाताकडे आणि शेवटीं हुकूमशाहीकडे नेते. त्यांनीं १९५० सालीं याच शहरांत कॉलेज सुरू केलें आणि १९५१ सालीं त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें बसली. राष्ट्रपतीला मान द्यावा, पंतप्रधानाला काम करूं द्यावें, आणि दोघांच्याही नांवानें चालणाऱ्या कारभाराला रोज प्रश्न विचारावा. आपल्या विरुद्ध पक्षाच्या सरकारला प्रश्न विचारणें सोपें असतें. आपण स्वतः मत दिलेल्या सरकारला जो तितक्याच नेटानें प्रश्न विचारतो, त्याच्याच हातीं जबाबदार राज्यपद्धति सुरक्षित राहते.