टोकियोची इंदिरा

राजकारणात हत्तीचे काय काम, असे आपण विचाराल. पूर्वी राजेलोक एकमेकांस हत्ती नजर करीत, त्यात वैभव मिरवण्याचा भाग असे. ही गोष्ट मात्र पोरांची आहे.

महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील मोठी जनावरे मारून टाकण्याचा हुकूम सुटला. बाँब पडून पिंजरे फुटले तर ती शहरात शिरतील, ही भीती. तेथे तीन हत्ती होते. विष घातलेले बटाटे पुढे टाकले, तर जॉन नावाच्या हत्तीने तेवढेच नेमके बाजूस सारले! अखेर तिघांनाही उपाशी ठेवून मारले. ज्याच्या दावणीचा बैल कधी डोळ्यांदेखत गेला असेल, त्याला त्या रखवालदारांची अवस्था निराळी सांगायला नको.

युद्ध संपले. जपान हरलेला, परक्या फौजांच्या अमलाखाली. तिथल्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे धाडली, आम्हाला एक हत्ती द्या. नेहरूंनी म्हैसूरकडची एक हत्तीण पाठवली आणि तिला आपल्या कन्येचे नाव दिले. सप्टेंबर १९४९ मध्ये इंदिरा टोकियोस पोचली. तिला हुकूम कळत ते कानडी! तेव्हा जपानी रखवालदार आपल्या माहुतांपाशी कानडी शब्द घोकू लागले. १९५० साली तिला जपानात गावोगाव फिरवले.

कोणी म्हणेल, घरी धान्य रेशनवर आणि हत्ती कसले वाटता? आक्षेप अगदीच पोकळ नाही. आणि एका हत्तिणीमुळे दोन देशांची मैत्री जमली, असे मीही म्हणत नाही. १९५१ च्या सान फ्रान्सिस्को परिषदेस भारत गेला नाही. ९ जून १९५२ रोजी त्याने जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवर पाणी सोडले. खरे वजन या कृतीचे. ज्यांनी तहाचा कागद कधी पाहिलाही नसता, त्यांच्या घरात भारताचे नाव हत्तिणीने आधीच नेऊन ठेवले होते, इतकेच. चीनशीही आपण शिष्टमंडळे, नाच-गाणी यांची पुष्कळ देवघेव केली. पण सीमेचा तंटा तसाच राहिला, आणि १९६२ मध्ये ती देवघेव उपयोगी पडली नाही.

१९५७ मध्ये नेहरू जपानला गेले, तेव्हा उएनोत जाऊन हत्तिणीला भेटले. सोबत कन्या इंदिराही होत्या. पुढच्याच वर्षी जपानने परदेशाला आपले पहिले येन-कर्ज दिले, ते भारताला. हत्तीण १९८३ पर्यंत जगली.