रस्ता कुणाचा?

धाराशिव जिल्ह्यात खड्ड्याची तक्रार करायची असेल, तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हा रस्ता कुणाचा? डांबर सगळीकडं सारखंच काळं दिसतं, पण कागदावर रस्त्यांची उतरंड आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. पाट्यांवरची ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ ही अक्षरं म्हणजे शेवटच्या तिघांची लघुरूपं. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे, राज्य मार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडं, शेवटचे दोन जिल्हा परिषदेकडं. ही उतरंड कुणी रचली हे शोधत गेलं की मला त्यात आपल्या भागाचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास दिसतो.

१८५३ च्या तहानं निजामाचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारकडं गेला आणि १८६० मध्ये परत आला. मधल्या काळात इथला कारभार पाहणाऱ्या फिलिप मेडोज टेलरनं आत्मचरित्रात रस्ते आणि तलावांच्या कामांबद्दल लिहिलंय. त्या काळी सरकारच्या लेखी महत्त्व होतं ते सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादला जाणाऱ्या वाटेला. फौज, टपाल, व्यापार यांची ती वाट. आजूबाजूची गावं बैलगाडीच्या चाकोरीवर अवलंबून.

पुढं मोटारी आल्या आणि प्रश्न पैशाचा झाला. १९२७ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ते हेच. रस्त्यांचा बोजा प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना पेलणार नाही, केंद्रानं वाटा उचलावा, असं समितीनं सांगितलं. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवरच्या जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज टाकीत पेट्रोल भरताना आपण रस्त्यासाठी पैसे देतो, त्याची मुळं इथं आहेत.

डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. रस्त्यांचे वर्ग त्यांनी ठरवले आणि एक उद्दिष्ट ठेवलं: विकसित शेतीच्या पट्ट्यातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब राहू नये. सरकारी योजनेत गावापासूनचं अंतर हे माप झालं, हा मला या इतिहासातला मोठा बदल वाटतो.

आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांना मालक मिळाला.

वरच्या पायरीचे आकडेही वाचता येतात. २०१० च्या नव्या क्रमांकांत पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम आणि उत्तर-दक्षिण महामार्गांना सम संख्या मिळाल्या. म्हणून नळदुर्ग, उमरग्यावरून जाणारा जुना ९ आता ६५ आहे. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे बीडकडं जाणारा जुना २११ आता ५२. तुळजापूरहून लातूर, नांदेडमार्गे नागपूरकडं जाणारा ३६१ तीन अंकी, कारण तो ६१ ची शाखा आहे.

गावोगावी मागणी असते ती ‘दर्जोन्नती’ची, म्हणजे इजिमाचा प्रजिमा, प्रजिमाचा राज्य मार्ग करण्याची. दर्जा वाढला की रुंदी आणि निधीची शक्यता वाढते, खातंही बदलतं. पण पायरी बदलली त्या दिवशी खड्डा बुजत नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागते, मग निविदा निघते. तोवर तक्रार कुठल्या खात्याकडं न्यायची, हाच घोळ चालू राहतो.

उतरंडीच्या तळाशी असते पाणंद. तिला किलोमीटरचा दगड नाही. शिवरस्ता आणि पाणंद यांचा वाद तहसीलदाराकडं जातो: बांधावरून वाट हवी असेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३, वाट अडवली असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. ऊस तयार आहे, पण पाणंदीत चिखल किंवा कुणाचं अतिक्रमण असेल, तर ट्रॅक्टर फडापर्यंत पोचत नाही. चार पदरी ५२ दहा मिनिटांवर असून त्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य. रस्त्यांचा विकास आपण महामार्गाच्या लांबीवर मोजतो. मला वाटतं, तो या शेवटच्या टप्प्यावर मोजायला हवा.

तुमच्या गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर तुटक दुहेरी रेषा असेल तर तो गाडीरस्ता, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. एकदा तो नकाशा घेऊन शिवारात जा. कागदावरची किती रेषा जमिनीवर उरली आहे, ते दिसेल. अर्ज तिथूनच सुरू होतो.