मागच्या दाराला आतून कडी नसते

काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात भाचीकडे राहायला गेलो होतो. एका रविवारी सकाळी भाचेजावई म्हणाले, "मामू, चला, आज तुम्हाला गाड्यांची जत्रा दाखवतो." मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. स्वतःची गाडी मी कधी घेतली नाही. कवितेच्या मानधनात पेट्रोल बसत नाही, हे वेगळं सांगायला नको. पण पाहुण्यानं नाही म्हणायचं नसतं, म्हणून निघालो.

एका शाळेच्या मोकळ्या मैदानात जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. बॉनेट उघडी, शेजारी घडीची खुर्ची, खुर्चीत गाडीचा मालक आणि हातात फडकं. एका कोपऱ्यात दहा-बारा गाड्यांचा वेगळा कळप होता. काळ्या-पांढऱ्या, निळ्या, तपकिरी. टपावर दिवे, दारावर बिल्ल्याचं चित्र. मला वाटलं, बंदोबस्त आहे. भाचेजावई हसले. म्हणाले, "या सगळ्या निवृत्त आहेत. आणि मालक साधे नागरिक आहेत. हा त्यांचा छंद आहे."

त्यांतल्या एका क्राउन व्हिक्टोरिया गाडीजवळ एक वयस्क गृहस्थ बसले होते. स्वतः निवृत्त पोलीस. मी कुतूहलानं वाकून पाहतोय म्हटल्यावर त्यांनी बसून बघायला सांगितलं. मी सवयीनं मागचं दार उघडलं आणि आत बसलो. दार बंद झालं. समोर जाळी, खाली गादीऐवजी कडक प्लास्टिकचं बाक. उतरायला म्हणून दाराला हात लावला, तर आतून कडीच नाही! काच खाली करायची सोयही नाही. गृहस्थांच्या लक्षात येऊन त्यांनी बाहेरून दार उघडेपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात जे येऊन गेलं, त्यातूनच आजचा हा विषय निघाला.

आधी छंदाविषयी सांगतो. अमेरिकेत पोलीस खात्याच्या गाड्या काही वर्षं पळून थकल्या, की लिलावात निघतात. १९८० साली आलेल्या 'द ब्लूज ब्रदर्स' या चित्रपटात दोन भाऊ जी गाडी दामटतात, ती अशीच लिलावातली, १९७४ची डॉज मोनॅको. क्राउन व्हिक्टोरिया तर जवळजवळ दोन दशकं तिकडच्या रस्त्यांवर पोलिसांची ओळख होती. कॅनडातल्या सेंट थॉमस इथल्या कारखान्यातून तिची शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०११ रोजी बाहेर पडली. पोलिसांकडून सुटलेल्या अशा कितीतरी गाड्या पुढे टॅक्सी झाल्या आणि उरलेल्या भंगारात गेल्या. त्यांतली एखादीच या छंदिष्टांच्या हाती लागते.

लिलावाआधी खातं गाडीवरचं नाव खरवडून काढतं. दिवे, सायरन, वायरलेस काढून घेतं, वायरी कापतं. त्यामुळे मिळते ती भोकं पडलेली, उघडीबोडकी गाडी. एरवी जुनी गाडी घेणारा माणूस टपावरची भोकं लांबी भरून बुजवतो. हा छंदिष्ट मात्र त्याच भोकांवरून दिवा कुठला होता, वायरलेसची एरियल कुठे होती याचा माग काढतो. मग त्या साली त्या खात्यानं जो दिवा वापरला, तोच शोधत वर्षानुवर्षं हिंडतो. गोल फिरणारा 'बीकन रे' हा दिवा फेडरल कंपनीनं १९४८ साली आणला. १९४०च्या गाडीवर तो बसवला, तर जाणकार तिथल्या तिथे नाक मुरडतात.

मला सगळ्यांत आवडलं ते अक्षरांचं. दारावरचं नाव सोलून काढलं, तरी आजूबाजूचा रंग उन्हानं विटलेला असतो आणि अक्षरांखालचा ताजा राहिलेला असतो. तिरप्या उन्हात पुसलेलं नाव पुन्हा वाचता येतं. त्या सावलीवर कागद ठेवून हे लोक अक्षरं गिरवून घेतात आणि तशीच पुन्हा रंगवतात.

यात कायद्याचंही भान ठेवावं लागतं. तोतया पोलिसांचा धोका सगळीकडेच असतो. म्हणून प्रदर्शनाला जाता-येता रस्त्यावर दिव्यांवर झाकण घालतात, दारावरचं नाव झाकतात. ब्रिटनमध्येही हा छंद आहे, तिथंही हीच काळजी घेतात.

आता इतिहास. पोलिसांची जगातली पहिली मोटारगाडी म्हणून जिची नोंद होते, ती याच ओहायो राज्यातली. क्लीव्हलंडपासून तास-दीड तासाच्या आत असलेल्या अ‍ॅक्रन शहरात १८९९ साली ती धावू लागली. आज विजेच्या गाड्यांचं आपल्याला अप्रूप आहे, पण ती पहिली पोलीस गाडी विजेवरचीच होती. फ्रँक लूमिस या शहराच्या अभियंत्यानं तिचा आराखडा केला. खर्च आला २,४०० डॉलर. वेग ताशी १६ मैल. एकदा बॅटरी भरली, की ३० मैल जायची. आत दिवे होते, घंटा होती, जखमींसाठी स्ट्रेचरही होतं.

पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९००च्या रात्री, अ‍ॅक्रनमध्ये दंगल झाली. एका लहान मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला लुई पेक नावाचा कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या ताब्यात होता. त्याला आमच्या हवाली करा, म्हणत हजारोंचा जमाव चालून आला. खटल्याची वाट पाहायला कुणी तयार नव्हतं. पोलिसांनी त्याला आधीच गुपचूप क्लीव्हलंडला हलवलं होतं. चिडलेल्या जमावानं नगरपालिकेची इमारत जाळली. पोलिसांनी इमारतीतून गोळ्या झाडल्या, त्यांत बघ्यांमधली दोन मुलं दगावली. आणि ती नवी विजेची गाडी? जमावानं ती कालव्यात लोटून दिली.

जगातल्या पहिल्या पोलीस गाडीची ही कथा. एका कैद्याचा जीव वाचला, दोन निष्पाप मुलांचा गेला. रक्षण आणि भय, दोन्ही त्या एका रात्रीत. पुढे ती गाडी भंगारातच गेली. कुणाला जपावीशी वाटली नाही.

मोटारीला कान फुटले ते १९२८ साली, आणि हे रेडिओवरून सांगताना मला विशेष मौज वाटते. डेट्रॉईटच्या पोलिसांनी ७ एप्रिल १९२८पासून गाड्यांमध्ये रेडिओ बसवून ठाण्यातून हुकूम द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या प्रयोगांच्या काळात केंद्राचं नाव होतं 'केओपी'. पण सरकारदरबारी परवाना मिळाला होता तो करमणुकीच्या केंद्राचा! मग नियम पाळायचा म्हणून चोरी-दरोड्याच्या निरोपांच्या मध्ये गाणी वाजवावी लागत. गाडीतल्या शिपायाला नुसतं ऐकता येई, उलट बोलता येत नसे. गाडीतून उत्तर देण्याची सोय १९३३ साली न्यू जर्सीतल्या बेयॉन गावात झाली.

त्याच सुमारास, १९३२ साली, फोर्डची व्ही-एट इंजिनाची गाडी आली. ती पोलिसांना आवडली आणि दरोडेखोरांनाही. बॉनी आणि क्लाइड ही कुख्यात जोडी २३ मे १९३४ रोजी लुईझियानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली, तेव्हा ती व्ही-एटमध्येच होती. चाळण झालेली ती गाडी नंतर कित्येक वर्षं जत्रांतून तिकीट लावून दाखवली गेली. ती अजून शाबूत आहे. दरोडेखोराची गाडी जपली गेली. पाठलाग करणारी गाडी लिलावात गेली. हे छंदिष्ट गेलेल्या गाड्यांच्या मागे लागले, ते काही अंशी ही उणीव भरून काढण्यासाठी.

ब्रिटनची गोष्ट वेगळी. तिथं पायी गस्त घालणारा शिपाई हा गल्लीतल्या लोकांच्या ओळखीचा माणूस. १९६५ साली लँकेशायरच्या पोलिसांनी लिव्हरपूलजवळच्या कर्कबी इथं त्याला छोटी फोर्ड अँग्लिया दिली. फिकट निळी, मधे पांढरा पट्टा. लोक अशा गाड्यांना 'पांडा' म्हणू लागले. पोलीस लवकर पोचू लागला, पण तो काचेआड गेला. चालता चालता विचारपूस करणारा माणूस कमी झाला, अशी खंत तिथं पुढे अनेक वर्षं व्यक्त होत राहिली. प्रदर्शनात पांडा दिसली, की जुनी माणसं थबकतात ती गाडीसाठी, आणि तिच्याआधी पायी येणाऱ्या त्या शिपायासाठीही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या आठवणीतली पोलीस गाडी म्हणजे जीप, नाहीतर जाळीच्या खिडक्यांची निळी व्हॅन. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढच्या काही दशकांत गावोगावच्या ठाण्यासमोर जीप उभी दिसू लागली. लहानपणी आम्ही तिच्यामागे धावलो आहोत आणि तिला पाहून लपलोही आहोत.

मी तरुण असताना, १९९२च्या डिसेंबरात, आमच्या वस्तीतली रात्र अशी असे, की दिवे घालवून सगळे जागे. दूरवरून जीपचा आवाज आला, की अम्मी दबक्या आवाजात विचारायची, "आली का गेली?" आली म्हटलं तरी तिचा जीव वरखाली व्हायचा आणि गेली म्हटलं तरी. रस्त्यावर जमाव असेल तर गाडी हवी असायची. तीच गाडी आपल्या दारात थांबू नये, असंही वाटायचं. क्लीव्हलंडच्या त्या मैदानात, बिनकडीच्या दाराआड, मला अम्मीचा तो प्रश्न ऐकू आला.

तुम्ही म्हणाल, मग अशी गाडी जपायची कशाला? मला वाटतं, याचसाठी जपायची. आपल्याकडे मात्र ती राहणंच अवघड झालं आहे. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३मध्ये काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडाव्या लागतात. सवलत आहे ती चिलखती किंवा तशा खास गाड्यांना. हेतू चांगला आहे. धूर कमी व्हायलाच हवा. दुसरीकडे, २०२१च्या नियमाप्रमाणे गाडी 'व्हिंटेज' ठरायला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. पंधराव्या वर्षी जिला मोडायचं, ती पन्नाशी गाठणार कशी? खाजगी मोटार ही मधली ३५ वर्षं मालकाच्या हौसेवर काढू शकते. सरकारी जीपला असा मालक नाही. राजेमहाराजांच्या मोटारी आपण जपल्या. ज्या गाडीची आपल्या रोजच्या जगण्याशी गाठ पडली, ती मात्र पत्र्याच्या भावानं जाणार.

तेव्हा एवढंच सुचवावंसं वाटतं. प्रत्येक जिल्ह्यात एक तरी जुनी पोलीस जीप इंजिन बंद करून, नंबर रद्द करून संग्रहालयात ठेवावी. आणि ठेवताना तिचा पुढचा भाग तेवढा चमकवू नये, मागचं बाकडंही तसंच ठेवावं. शाळेतल्या मुलांनी दोन्हीकडे बसून पाहावं.

त्या निवृत्त पोलीस गृहस्थांना मी निघताना विचारलं होतं, सगळ्यांत अवघड काम कोणतं? ते म्हणाले, इंजिन, रंग, दिवे हे पैसा आणि वेळ असला की होतं. मग त्यांनी मागचं दार पुन्हा उघडून प्लास्टिकच्या बाकावरचे ओरखडे दाखवले. पाठीमागे बांधलेल्या हातांच्या बेड्यांचे. "नवीन बाक मिळत होतं," ते म्हणाले, "पण एवढं मात्र मी बदललं नाही."